घुग्घुसच्या काळ्या मातीत वाइनची द्राक्षे लावावीत काय?

कापसाच्या भावाने गांजलेल्या शेतकऱ्याला नाशिकच्या वाइनचा लौकिक ऐकून द्राक्षाचा मोह पडणे स्वाभाविक आहे. परंतु लौकिक पाहून पीक निवडणे आणि जमीन पाहून पीक निवडणे यांत मोठे अंतर आहे.

नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरात गुरनानी कुटुंबाने यॉर्क ही वायनरी उभारली. तिची 'अरोस' ही तांबडी वाइन शिराझ व काबर्ने सोव्हिन्यों या दोन जातींच्या मिश्रणाने होते. एका जातीपासून रसाळपणा व मसालेदार गंध येतो, तर दुसरीपासून तुरटपणा व टिकाऊपणा. फ्रान्समधील बोर्दो प्रांतातही अशी मिश्रणे रूढ आहेत. तेथे एक जात लवकर पिकते, दुसरी उशिरा. त्यामुळे एका जातीला हवामानाचा फटका बसला तरी दुसरी हाती राहते. आपल्याकडील कपाशीतील तुरीच्या ओळींमागेही हाच विचार आहे.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. तेथे पावसाळा सरताना फळछाटणी होते आणि हिवाळ्याच्या थंड रात्रींत आंबटपणा राखून फळात साखर भरते. घुग्घुसची उंची जेमतेम २०० मीटर. थंडी येथेही पडते. अडचण आहे ती उन्हाळ्याची. एप्रिलमधील खरडछाटणीनंतर ज्या कोवळ्या फुटीवर पुढील हंगामाचा घड ठरतो, तिला ४५ अंशांचे ऊन सोसावे लागेल. पुढे पावसाळ्यात वर्धा नदीकाठच्या भारी जमिनीत पाणी साचून मुळे गुदमरतील व पानांवर केवडा रोग बळावेल. शिवाय कोळशाच्या वाहतुकीची धूळ आहेच.

बाजाराचा धोका याहून मोठा आहे. वाइनची द्राक्षे खाण्याच्या बाजारात खपत नाहीत. वायनरीने पाठ फिरवली की शेतकरी निराधार होतो. २००८ नंतरच्या मंदीत नाशिक भागातील अनेक बागायतदारांना वाइनच्या वेली उपटाव्या लागल्या. यॉर्कही २०२१ मध्ये सुला या मोठ्या कंपनीकडे गेली. आपल्याकडे जवळपास खरेदीदार वायनरी नसता मांडव, ठिबक व कलमे यांवर कर्ज काढणे म्हणजे घरदार पणाला लावणे होय.

मद्याचा प्रश्न या भागात निव्वळ व्यापाराचा नाही, हेही विसरता येत नाही. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ मध्ये आली व २०२१ मध्ये उठली. या बंदीमागे स्त्रियांची दीर्घ चळवळ होती.

मग नाशिककडून काय घ्यावे? वेल नव्हे, रीत घ्यावी. 'नाशिक व्हॅली वाइन' या नावाला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे मालाबरोबर गावाचे नावही विकले जाऊ लागले. आपल्या तुरीची प्रतवारी करून गटाने डाळ विकावी. जंगलालगतच्या गावांनी मोहफुलांसाठी झाडाखाली पाला न जाळता जाळी अंथरावी. फूल स्वच्छ मिळते आणि वणवाही टळतो. स्वच्छ वाळविलेल्या फुलांचे लाडू व सरबतही होते.

ज्याला तरीही द्राक्षे लावायचीच असतील, त्याने प्रथम माती व पाणी तपासावे, खरेदीचा लेखी करार हाती घ्यावा आणि प्रारंभ काही गुंठ्यांपासूनच करावा. जमीन आपली आहे. तिला काय मानवते, हे तिलाच विचारून ठरवावे.