अर्जाची पोच आणि अर्जाचे उत्तर

धाराशिव जिल्ह्याच्या आठही तालुक्यांतील शाळांच्या दप्तरांत वर्षाकाठी जे असंख्य कागद जमा होतात, त्यांत स्वमग्न मुलाच्या आईने वा वडिलांनी लिहिलेला अर्ज विरळाच आढळतो. आणि जो आढळतो, तो वाचून होण्यापूर्वीच त्यावर ‘तक्रार’ असा शेरा मनोमन मारण्याची सवय आपल्या शिक्षकी व्यवसायाला जडली आहे. “बाई, तुमच्या लेकराला पुढच्या बाकावर बसवतोच की, अजून काय करावं आम्ही?” हे उत्तर आमच्या वाचकांनी ऐकले असेल, कदाचित दिलेही असेल. प्रार्थनेच्या वेळी ध्वनिक्षेपक सुरू होताच जे मूल कान झाकून व्हरांड्यात पळते, खिचडीच्या रांगेत धक्का लागताच किंचाळते, आणि म्हणून ज्याला दुपारीच आईला बोलावून घरी पाठविले जाते, त्याच्या नावापुढे हजेरीपटात पूर्ण दिवसाची हजेरी लागत असेल, तर त्या आईचा अर्ज हाच त्या मुलाच्या शिक्षणाविषयीचा शाळेतील एकमेव खरा कागद होय.

अशा अर्जामागे कायद्याचे बळ आहे. अपंग व्यक्तींविषयीच्या 1995 च्या कायद्याच्या यादीत स्वमग्नतेचा स्वतंत्र उल्लेख नव्हता. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने तिला एकवीस दिव्यांगत्वांत स्थान दिले. त्याच्या कलम 16 प्रमाणे शासनाचे अनुदान वा मान्यता असलेल्या शाळांनी भेदभावाविना प्रवेश देणे, मुलाच्या गरजेनुसार सोयी व वैयक्तिक साहाय्य पुरविणे आणि त्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवणे अपेक्षित आहे; या कलमात किमान चाळीस टक्के दिव्यांगत्वाची अट नाही, म्हणून ‘आधी दाखला आणा, मग पाहू’ हे म्हणणे टिकत नाही. लक्षणीय, म्हणजे किमान चाळीस टक्के, दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वयाच्या मुलाने जवळच्या शाळेत शिकावे की विशेष शाळेत, ही निवड कलम 31 ने मुलाकडे सोपविली आहे. ‘याला विशेष शाळेत घाला’ हा हुकूम मुख्याध्यापकांच्या अधिकारात बसत नाही.

पालक दाद मागतात तेव्हा न्यायालये काय पाहतात, हेही ध्यानी घ्यावे. जुलै 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका स्वमग्न मुलीला तिच्या खासगी शाळेत पुन्हा प्रवेश देण्याचा आणि पालकांनी नेमलेल्या सहायक शिक्षकासह बसू देण्याचा आदेश दिला. अमेरिकेत कोलोरॅडोतील एका स्वमग्न मुलाच्या पालकांनी चालविलेल्या दाव्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली एकमताने निर्णय दिला, की नाममात्र प्रगती पुरेशी नाही. मुलाची परिस्थिती लक्षात घेऊन यथोचित प्रगती साधेल असाच शिक्षणक्रम त्याला मिळाला पाहिजे. आपल्या जिल्ह्यातील आईचा प्रश्नही याहून निराळा नसतो: माझे मूल शाळेत बसते, पण शिकते काय?

शिक्षकांची अडचण आम्ही नाकारीत नाही. प्राथमिक स्तरावर दहा आणि त्यापुढे पंधरा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे प्रमाण सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये घालून दिले. परंतु अनेक गावांत फिरून शिकविणारा विशेष शिक्षक ज्या शाळेत अधूनमधूनच पोचतो, तेथील वर्गशिक्षक एकाकी पडतो, आणि पदे मंजूर करून भरण्याची जबाबदारी शासनाची व जिल्हा परिषदेचीच आहे. तथापि, दिवसाचा क्रम चित्रांच्या पट्टीवर लावणे, बदलाची पूर्वसूचना देणे, प्रार्थनेच्या वेळी मुलाला ध्वनिक्षेपकापासून दूर उभे करणे, रांगेत त्याला आधी वाढणे, मोठे काम लहान टप्प्यांत देणे, या गोष्टींना कोणत्याही मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.

म्हणून आमची विनंती एवढीच, की अशा अर्जाची केवळ पोच देऊन थांबू नये. मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि विशेष शिक्षक यांनी पालकांसमवेत बसून, या वर्षी मूल काय शिकेल, कोणते साहाय्य कोण देईल आणि आढावा केव्हा घेतला जाईल, हे एका पानावर लिहावे, त्यावर सह्या कराव्यात आणि एक प्रत पालकांच्या हाती द्यावी. जे त्या पानावर लिहिता येणार नाही, त्याची लेखी मागणी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे करावी. ती करताना अर्जदार आई आणि शाळा एकाच बाजूला उभ्या असतील.