वीस म्हणजे नक्की किती?

ओरलला हमखास येणारा प्रश्न : २०डब्ल्यू-५० म्हणजे काय? हॉस्टेलमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं उत्तर : सर, थंड असताना २० सारखं पातळ नि गरम झालं की ५० सारखं दाट! मार्क मिळतात, प्रश्न मिटतो. पण मित्रहो, हे उत्तर चुकीचं आहे. आणि याच उत्तरावर विसंबून एमजी, जॅग्वारसारख्या जुन्या इंग्लिश स्पोर्ट्स गाड्या बाळगणारी मंडळी त्यांच्या कार्ब्युरेटरमध्ये नको ते ऑइल ओततात.

या गाड्यांवर बहुतेक एसयू कार्ब्युरेटर असतो. आत एक पिस्टन असतो नि त्याखाली निमुळती सुई जेटमध्ये लोंबते. इंजिनाची ओढ वाढली की व्हॅक्यूममुळे पिस्टन वर जातो, हवेची वाट रुंदावते, सुई वर सरकते आणि पेट्रोल वाढतं. हवेचा वेग जवळपास एकसारखा राहतो. पण ॲक्सिलरेटर एकदम दाबला तर पिस्टन टुणकन उडेल, जेटवरची ओढ क्षणभर कमी पडेल, हवा जास्त नि पेट्रोल कमी. गाडी अडखळणार, कार्ब्युरेटरमधून फटका मारणार. म्हणून पिस्टनच्या पोकळ दांड्यात ऑइल घालून त्यात छोटा डॅम्पर सोडलेला असतो. तो पिस्टनला वर जाताना थोपवतो, खाली येताना मोकळं सोडतो. तेवढ्या क्षणात ओढ टिकते नि मिश्रण थोडं रिच होतं.

म्हणजे हे ऑइल वंगणासाठी नाहीच! ते मिश्रण ठरवणारा एक भाग आहे, जेट आणि सुईसारखाच. डॅशपॉटची भिंत तर कोरडीच ठेवायची असते. ‘कुठलंही चालतं, घाला इंजिनचं उरलेलं’ म्हणणाऱ्यांशी माझं भांडण इथेच आहे.

आता म्हणाल, आमच्या पुसेगावात (हिंगोलीचं बरं का, साताऱ्याचं नव्हे) कुठली आलीय एमजी? एमजी नाही, पण एमजीए गाडीचं १४८९ सीसीचं बी-सिरीज इंजिन ॲम्बॅसडरमध्येही होतं. एमजीएवर दोन एसयू, ॲम्बॅसडरवर एकच. गावात लग्नसराईत नवरदेवाला मिरवणारी अशी एक म्हातारी ॲम्बॅसडर आहे. चढावर पिकअप घेईना, धूर काळा. एका मिस्त्रीने डॅशपॉटमध्ये नव्वद नंबरचं गिअर ऑइल भरलं होतं. काका म्हणाले, "नव्वद म्हंजी भारी असंल ना!" काकांना काय दोष द्यायचा? गिअर ऑइलची मोजपट्टीच वेगळी. तिथलं ९० हे इंजिन ऑइलच्या साधारण ४०-५० एवढं दाट. तरी डॅम्परसाठी ते फारच झालं. पिस्टन उशिरा उठतो, मिश्रण गरजेपेक्षा रिच होतं नि गाडी सुस्तावते.

मग हवं किती? एसयूने सांगितलं होतं एसएई २०. आणि इथेच आपलं ओरलचं उत्तर आडवं येतं. साधं २० हे १०० अंशांवर मोजलेलं असतं : ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक. २०डब्ल्यू मधला २० हा हिवाळी आकडा, उणे १५ अंशांवर इंजिन फिरवता येईल का हे बघणारा. दोन्ही २० चा एकमेकांशी काही संबंध नाही. गरम होऊन दाट होणारं ऑइल तर अजून कुणी बनवलेलं नाही. सगळी ऑइलं गरम होऊन पातळच होतात, काही कमी, काही जास्त. ४० अंशांवर साधं २० पन्नास-साठ सेंटिस्टोकच्या आसपास असतं, २०डब्ल्यू-५० दीडशेच्या. जवळजवळ तिप्पट!

पण एसयूचं २० तरी डोळे मिटून घ्यावं का? ते इंग्लंडच्या हवेत ठरलेलं. मे महिन्यात पुसेगावात सावलीत ४२ असतं, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. माझ्या मते आपल्याकडे उन्हाळ्यात साधं एसएई ३० घालणं काही पाप नाही. पन्नास-बावन्न अंशांवर ३० हे जवळपास तेवढंच पातळ होतं जेवढं २० चाळीस अंशांवर. दिवाळीनंतर परत २०. उलट २०डब्ल्यू-५० साठ अंशांनाही जास्तच दाट राहतं, त्यामुळे उन्हाळ्याची सबब त्याला लागू नाही. ऑटो ट्रान्समिशनचं लाल ऑइल दुसऱ्या टोकाचं, आपल्या उन्हाला फार पातळ. फोर्क ऑइल चालतं, पण त्यावरचे आकडे कंपनीगणिक बदलतात. डब्यावरच्या नंबरापेक्षा ४० अंशांचा सेंटिस्टोक आकडा बघा.

पातळीही तितकीच महत्त्वाची. डॅम्पर आत सोडताना टोपी बसायला अजून सहाएक मिलिमीटर बाकी असताना हाताला अडथळा लागला पाहिजे. त्याआधी ऑइल बदलून काही कळत नाही.

आणि आयडलिंग बिघडलं किंवा एकसारख्या वेगात गाडी मिसिंग करते म्हणून ऑइलच्या मागे लागू नका. स्थिर वेगाला पिस्टन शेवटी ठरल्या जागीच पोचतो, ऑइल कुठलंही असो. २०२५ पासून पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल सर्रास झालं (हा आणखी एक वीस!). त्याने जुन्या गाड्या लीन चालतात, तर काही लोक दाट ऑइल घालून ते झाकायला बघतात. तिथे जेट नि सुईकडेच जायला हवं.

आता आपल्याबद्दल. फर्स्ट इयरला रेडवुड व्हिस्कोमीटरचं प्रॅक्टिकल सगळ्यांनी ‘केलंय’. पन्नास मिली ऑइल, स्टॉपवॉच, आणि सीनियरच्या जर्नलमधलं रीडिंग. एकाच बॅचची सगळी रीडिंग सेकंदापर्यंत जुळतात, हा चमत्कार स्टाफलाही ठाऊक आहे. त्याच उपकरणात एसएई २०, ३०, २०डब्ल्यू-५० आणि गिअर ऑइल ४०, ५०, ६० अंशांवर खरोखर मोजलं तर ॲम्बॅसडरवाल्या काकांच्या प्रश्नाला उत्तर मिळतं. माझी लॅबच्या सरांना विनंती आहे, पुढच्या टर्मला नेहमीच्या एकाच ऑइलऐवजी ही चार ऑइलं द्यावीत. अर्धा-अर्धा लिटर पुरेल. लागलं तर वर्गणी आम्ही काढू, मेसच्या बिलात एक दिवसाचं पनीर कमी.