रविवारच्या वर्गात जात गैरहजर

दोस्तांनो, चर्च म्हटलं की आपल्यातल्या पुष्कळांना नाताळचा केक आठवतो आणि इंग्रजी शाळेची फी आठवते. नगर जिल्ह्यातलं (कागदावर आता अहिल्यानगर) चर्च तसलं नाही. तिथं बाकावर कोण बसतं? आपलंच गणगोत बसतं. संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर, नेवासे या पट्ट्यात ज्यांनी क्रूस गळ्यात घातला ते बहुतेक महारवाड्यातले नाहीतर मांगवाड्यातले. माझ्या आज्याच्या सख्ख्या भावाने मिशन धरलं. आज्याने छप्पन्न साली बुद्ध धरला. घर एक, दारं दोन झाली. या दाराचा माणूस त्या दारात फक्त मयतीला जातो. मी जे सांगतोय ते त्या दुसऱ्या दारातलं आहे, आणि ते आपलं नाही असं कुणी म्हणू नये.

गेल्या पावसाळ्यात आत्याकडे गेलो होतो. आतेभावाचा पोरगा नववीला आहे. रविवारी मिस्सा झाली की चर्चच्या मागच्या खोलीत पोरापोरींचा युवा-वर्ग भरतो. तेरा ते सतराची पोरं. त्या दिवशीचा विषय ‘चर्चची सामाजिक शिकवण’. मीही मागं सतरंजीवर जाऊन बसलो. शहरातून एक सिस्टर आली होती. बाई चांगली. कळकळ होती, पोरांवर ओरडत नव्हती. फळ्यावर तिने लिहिलं: माणसाची प्रतिष्ठा. सर्वांचं हित. श्रमाला मान. गरिबांना आधी पसंती. मग वहीत तीन रकाने पाडायला लावले. पाहा, पारखा, करा. वीस मिनिटं दिली.

पोराच्या वहीत डोकावलो. ‘करा’च्या रकान्यात लिहिलं होतं: गरिबांना जुने कपडे देऊ, वृद्धाश्रमाला भेट देऊ, झाडे लावू. ‘पारखा’मध्ये शुभवर्तमानातल्या ओवीचा आकडा. आणि ‘पाहा’चा रकाना कोरा.

मी हळूच विचारलं, “अरे, हे कोरं का?”

“काय लिहू काका? गरीब इथं कुठं हायेत?” मग आजूबाजूला बघून हसला. म्हणाला, “हा शर्ट पण मिशनच्या गाठोड्यातूनच आलाय.”

दोस्तांनो, त्या हसण्यावर मला हा लेख लिहायचा आहे.

त्या खोलीत तीस-पस्तीस पोरं होती. कुणाची आई खुरपायला जाते, कुणाचे आईबाप ऊसतोडीला जातात म्हणून पोर आजीकडे. आणि या पोरांना शिकवलं जातंय की गरीब म्हणजे बाहेरून येणारा कुणी पाहुणा, त्याला आपण कपडे द्यायचे. म्हंजे ज्याला न्याय मागायचा आहे त्यालाच दानत शिकवायची. शर्ट देणाराही तोच, घेणाराही तोच, फक्त घेतल्याचं वहीत लिहायचं नाही. पोराला वाटतं आपण सिस्टरच्या बाजूचे. मग त्याच्या बाजूचं कोण?

वर्ग सुटल्यावर मी पोरांना विचारलं, रविवारची सुट्टी कुणी दिली? एक पोरगी म्हणाली, देवाने. मी म्हटलं, बायबलात तसं आहे खरं. पण मुंबईच्या गिरणी कामगाराला तो दिवस १० जून १८९० ला मिळाला, आणि तो मिळवायला नारायण मेघाजी लोखंडे झगडत होते. जोतीराव फुल्यांचा साथी, सत्यशोधक. पोरांनी हे नाव कधी ऐकलंच नव्हतं. त्याच्या पुढच्या वर्षी, मे १८९१ ला, पोप तेराव्या लिओने ‘रेरुम नोवारुम’ हे पत्रक काढलं. कामगाराला पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे, त्याला संघटना करायचा हक्क आहे, त्याला विसाव्याचा दिवस पाहिजे, हे त्यात आहे. चर्चची सगळी सामाजिक शिकवण या पत्रकापासून धरतात. मे २०२५ मध्ये नवा पोप निवडला गेला, त्याने लिओ हे नाव घेतलं, तेही त्या पत्रकाची आठवण ठेवून. मी सूतगिरणीत रिंग खात्यात आहे. हे सगळं ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. (माझी सुट्टी मंगळवारी असते. गिरणी सात दिवस चालते. लोखंड्यांचा रविवार माझ्या वाट्याला बदली माणूस दिल्याशिवाय येत नाही, ते असो.)

पण त्या पत्रकात मालक आहे, मजूर आहे. आपल्या गिरणीत तिसरंही काहीतरी होतं. मुंबईच्या विणकाम खात्यात अस्पृश्याला घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागायचा. पगार जास्त तिथंच, आणि तिथंच आपल्या थुंकीचा विटाळ. लाल बावटेवाल्यांच्या मागण्यांत हे नव्हतं. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी ते पुढं आणलं. रोममध्ये बसून लिओला हे दिसलं नाही, त्याचा राग नाही. पण नगर जिल्ह्यात बसून जो रोमचं पत्रक शिकवतो त्याला दिसलं पाहिजे की नाही?

मी फादरांना भेटलो. तेही आपल्यातलेच, ऊसतोडणी मजुराचा मुलगा. चहा दिला. म्हणाले, “पोरं कोवळी आहेत. जातीचं काढलं तर दुधात मीठ पडेल. इथं आम्ही सगळे ख्रिस्तात एक आहोत.”

मी म्हटलं, “फादर, एक आहात तर महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती यांची लग्नं तुम्ही किती लावली?”

फादरांनी कप खाली ठेवला. म्हणाले, “तुम्ही बौद्ध तरी मांगाला मुलगी देता का?”

मला उत्तर देता आलं नाही. ते मी इथं छापतोय, कारण लपवायचं नाही.

पण त्यांनी मला गप्प केलं म्हणून त्यांचं बरोबर ठरत नाही. त्यांची पोरं कोवळी आहेत म्हणे. आमच्या या पोराला दोन नावं आहेत. चर्चच्या वहीत संताचं नाव, शाळेच्या दाखल्यावर पणज्याचं नाव आणि पुढं ‘हिंदू महार’. का? तर १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातला तिसरा परिच्छेद. आधी फक्त हिंदूच अनुसूचित जातीचा. १९५६ ला शिखांना घेतलं, १९९० ला बौद्धांना घेतलं, ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. पाच वर्षांचं असल्यापासून त्या पोराला घरात सांगितलेलं आहे: मास्तरांपुढं हे नाव, फादरांपुढं ते नाव. चुकलास तर शिष्यवृत्ती गेली. खोटं बोलू नको, ही आज्ञा त्याला ज्या खोलीत पाठ करायला लावतात, त्याच खोलीत तो खोट्या नावाने नाहीतर खऱ्या नावाने बसलेला असतो. कोणतं खरं, ते त्यालाही ठाऊक नाही. हे पोर जातीला कोवळं आहे का?

आणि हरेगाव. श्रीरामपूर तालुक्यातलं हरेगाव. मतमाऊलीच्या यात्रेला सप्टेंबरात लोटणारी गर्दी तुम्ही पाहिली नसेल तर एकदा पाहा. त्याच हरेगावात २५ ऑगस्ट २०२३ ला शेळी आणि कबुतरं चोरल्याच्या संशयावरून चार पोरांना झाडाला उलटं टांगून मारलं. त्यात दलित पोरं होती. व्हिडिओ सगळ्यांनी बघितला. ॲट्रॉसिटी लागली. आता युवा-वर्गासाठी एक प्रश्न, फळ्यावर लिहिण्यासारखा: त्यातल्या एखाद्याच्या दाखल्यावर ‘ख्रिस्ती’ असतं, तर त्याच्यापुरती ॲट्रॉसिटी लागली असती का? नसती. काठी तीच, झाड तेच, कलम नाही. मारणारा बाप्तिस्म्याचा दाखला बघून मारत नाही, पण कायदा तो बघतो. हा ‘माणसाची प्रतिष्ठा’ या धड्याचा पहिला पाठ आहे. खर्ड्याला २८ एप्रिल २०१४ ला ज्याला मारून टाकलं तो शाळकरी पोरगा सतरा वर्षांचा होता, म्हणजे बरोबर या युवा-वर्गाच्या वयाचा. साक्षीदार फिरले, २०१७ ला आरोपी सुटले. तोही याच जिल्ह्यातला. मी त्या खोलीत होतो त्या दोन तासांत खर्डा हे नाव निघालं नाही.

चर्चला काहीच कळत नाही असं मी म्हणत नाही. दरवर्षी १० ऑगस्टला चर्च काळा दिवस पाळतं, १९५० च्या आदेशाविरुद्ध. चांगलं करतं. पण बोट दिल्लीकडे असतं तेव्हा जात असते, आणि तेच बोट बाकाकडे वळवायचं म्हटलं की ख्रिस्तात एक. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूरला कॅथलिकांच्याच दफनभूमीत मधोमध भिंत बांधली होती, अलीकडे सवर्ण प्रेतं, पलीकडे दलित प्रेतं. ती काय दिल्लीने बांधली? २०१६ च्या जुलैत तरुणांसाठी सामाजिक शिकवणीचं पुस्तक निघालं, ‘डोकॅट’, प्रस्तावना पोप फ्रान्सिसची. त्याच वर्षी डिसेंबरात भारतातल्या बिशपांच्या परिषदेने दलितांविषयीचं धोरण छापलं. त्यात त्यांनी स्वतःच कबूल केलं की चर्चच्या आत अस्पृश्यता आहे आणि ते पाप आहे. एक कोटी नव्वद लाख कॅथलिकांत एक कोटी वीस लाख दलित, हा आकडाही त्यांचाच. एकाच वर्षातले दोन कागद. सिस्टरच्या पिशवीत पहिला होता. दुसरा मी विचारला तर फादर म्हणाले, ऑफिसात कुठंतरी असेल.

बरं, हे पाहा-पारखा-करा आलं कुठून? योसेफ कार्डाइन नावाचा बेल्जियमचा पाद्री. गरीब घरातला. सेमिनरीतून सुट्टीला घरी आला तर बरोबरीची पोरं कारखान्यात लागलेली, ती त्याला परका समजून तोंड फिरवायला लागली. तो घाव घेऊन त्याने १९२५ ला तरुण कामगारांची संघटना उभी केली. पोरांनी आपला कारखाना, आपला मुकादम, आपली मजुरी आपल्या डोळ्यांनी बघायची, मग पारखायची, मग हात घालायचा. १९६१ ला पोपच्या पत्रकातही ही रीत आली. म्हणजे ही रीत कामगार पोरांची आहे. वृद्धाश्रमाच्या सहलीची नाही. ‘पाहा’ कोरं ठेवून ‘करा’ भरणं हे कार्डाइनला फसवणं आहे.

आणि ज्याने खरंच पाहिलं त्याचं काय झालं, तेही वर्गात सांगा. स्टॅन स्वामी. जेसुइट पाद्री, झारखंडात आदिवासींबरोबर राहिला. भीमा-कोरेगावच्या केसमध्ये ऑक्टोबर २०२० ला धरला. हात कापायचे, पेला धरता यायचा नाही, पाणी प्यायला नळीचा पेला कोर्टात मागावा लागला. ५ जुलै २०२१ ला मुंबईत कोठडीतला कैदी म्हणूनच मेला, चौऱ्याऐंशी वर्षांचा. आपण एक जानेवारीला कोरेगावच्या स्तंभाला जातो, त्या केसमध्ये गेलेला म्हातारा चर्चचा होता, हे आपल्या किती जणांच्या भाषणात येतं?

आता आपल्याकडे वळतो. तुम्ही म्हणाल, चर्चची उणीदुणी काढून हा थांबला. नाही. आपल्यातले काही पुढारी म्हणतात, ख्रिस्त्यांना अनुसूचित जातीत घेतलं तर आपल्या ताटातला वाटा जाईल. १९५६ ते १९९० चौतीस वर्षं आपण केंद्राच्या सवलतींबाहेर होतो, तेव्हा आपल्याविषयी हेच बोललं जायचं. २००७ ला रंगनाथ मिश्र आयोगाने तो तिसरा परिच्छेद काढा म्हणून सांगितलं. २०२२ ला बालकृष्णन आयोग नेमला गेला. यावर आपल्या किती शाखांनी बैठक घेतली? ताटाची चिंता असेल तर ताट मोठं करायला भांडू. भावाला उठवून जेवणारा कसला आंबेडकरवादी?

बाबासाहेबांनी धर्मांतरित ख्रिस्त्यांच्या स्थितीवर लिहून ठेवलंय. इंग्रजी खंडांच्या पाचव्या भागात आहे. ख्रिस्ती झाल्यावर जात सुटली का, हा अन्यायाशी झगडला का, असं त्यांनी सडेतोड विचारलंय. आपण ते वाचतो ते फक्त ख्रिस्त्यांना हिणवायला. बाबासाहेब चौकशी करत होते, आपण टाळ्या घेतो.

आणि आपल्या विहारात रविवारी काय होतं? वंदना होते, बावीस प्रतिज्ञा पोपटासारख्या होतात, खीर होते, पोरं घरी. सिस्टरने निदान तीन रकाने तरी पाडले. आपल्या पोरांच्या हातात वहीच नाही. फादरांनी मला विचारलं त्याचं उत्तर आपल्या कुठल्या वर्गात शिकवतात?

त्या रात्री आत्याच्या ओट्यावर पोराला म्हटलं, लिही, जे दिसतं ते लिही. बराच वेळ पेन चावत बसला. मग लिहिलं: ‘बाबा बोर्डिंगमध्ये झाडलोट करतात. बाबांची ऑर्डर अकरा महिन्यांची असते. मग एक महिना घरी बसवतात.’ बोर्डिंग कुणाचं, ते त्याने लिहिलं नाही, लिहायची गरज नव्हती. १९८१ ला पोप दुसऱ्या जॉन पॉलने श्रमावर पत्रक काढलं, त्यात कामगार संघटनेशिवाय समाजाचं चालत नाही असं म्हटलंय. बोर्डिंगमधल्या झाडूवाल्यांची संघटना नाही.

पुढच्या आठवड्यात पोराने मोबाइलवर वहीचा फोटो पाठवला. त्या तीन ओळींखाली लाल शाईत: ‘विषयाला धरून लिहावे.’ सिस्टर शहरात गेली होती, ही शाई गावातल्या धर्मशिक्षकाची. मी लगेच फोन केला, म्हटलं, खोडू नको. तो म्हणाला, “खोडलं नाही काका. पण बाबा म्हणतेत, वही फाडून टाक.”

येत्या रविवारी मी जातोय. आतेभावाला भेटायचं आहे, त्याच्याबरोबर झाडलोट करणारे आणखी चार जण आहेत, त्यांनाही. माझी त्या दिवशी पहिली पाळी आहे, बदली माणूस अजून मिळालेला नाही. नगरकडचं कुणी बरोबर येणार असेल तर अंक हातात पडल्याबरोबर कळवा. मिस्सा आठला असते, साडेनऊला सुटते.