आमदार-खासदारांचे पगार: किती यापेक्षा कोण ठरवतं?



'अमुक देशाच्या खासदाराला किती पगार आणि आपल्याला किती' असे निरोप आपल्यापैकी प्रत्येकाला कधी ना कधी आलेले असणारच. त्यात फुकट वीज, फुकट विमानप्रवास आणि संसदेच्या कँटीनमधला रुपयाचा चहा हमखास असतो. कँटीनची सबसिडी जानेवारी २०२१ मध्ये बंद झाली, पण चहा अजून फिरतोच आहे! माझा आक्षेप निरोपांना नाही, त्यातल्या तुलनेच्या पद्धतीला आहे. म्हणून हे थोडं सविस्तर लिहितोय. जरा लांबलंय, पण गोड मानून घ्या.

आधी आकडे, म्हणजे ती खाज भागेल :)

- ब्रिटन: एप्रिल २०२५ पासून खासदाराचा मूळ पगार वर्षाला ९३,९०४ पौंड.
- अमेरिका: काँग्रेसच्या सदस्याला वर्षाला १,७४,००० डॉलर. हा आकडा २००९ चा. त्यानंतर दीड दशक उलटूनही तो तिथेच होता.
- सिंगापूर: २०१२ च्या फेररचनेत साध्या खासदाराचा भत्ता वर्षाला १,९२,५०० सिंगापुरी डॉलर ठरला, तर नव्या मंत्र्याचा पगार ११ लाखांच्या घरात.
- भारत: १ एप्रिल २०२३ पासून खासदाराचा पगार महिना १,२४,००० रुपये (अधिसूचना निघाली मार्च २०२५ मध्ये). शिवाय मतदारसंघ भत्ता ८७,०००, कार्यालय खर्चासाठी ७५,००० आणि अधिवेशनात हजेरीचे दिवसाला २,५००.
- महाराष्ट्र: ऑगस्ट २०१६ मध्ये आमदाराचा पगार महिना ७५ हजारांवरून एकदम १ लाख ७० हजारांवर गेला.

आता यातून काय सिद्ध होतं? पौंडात रुपयात रूपांतर केलंत तर आपला खासदार बिचारा गरीब ठरतो. देशातल्या सामान्य माणसाच्या कमाईशी तोलून पाहिलंत तर चित्र उलटं. ब्रिटिश खासदाराला पूर्णवेळ नोकरदाराच्या मध्यम पगाराच्या साधारण अडीच पट मिळतात. भारतीय खासदाराचा नुसता मूळ पगार देशाच्या दरडोई उत्पन्नाच्या आठ पटीच्या आसपास जातो. महाराष्ट्राच्या आमदाराचा २०१६ चा पगार त्या वेळच्या राज्याच्या दरडोई उत्पन्नाच्या (सुमारे १ लाख ६५ हजार) बारा पट होता. त्यातही मोजपट्ट्या सारख्या नाहीत, कारण दरडोई उत्पन्नात तान्ही पोरंही मोजली जातात. थोडक्यात, ज्याला जे सिद्ध करायचंय त्याला तशी मोजपट्टी मिळते. म्हणून नुसत्या आकड्यावर भांडण्यात अर्थ नाही.

दुसरा नेहमीचा सूर म्हणजे 'सेवा करायला आलेत ना, मग पगार कशाला?' हे ऐकायला छान वाटतं, पण इतिहास याच्या बरोबर उलट सांगतो. ब्रिटनमध्ये १८३८ च्या चार्टिस्ट कामगारांच्या सहा मागण्यांपैकी एक होती खासदारांना पगार देण्याची. कारण उघड होतं. पगार नसेल तर जमीनदार आणि सावकार यांनाच संसदेत बसणं परवडतं. ती मागणी मान्य व्हायला १९११ साल उजाडलं, तेव्हा वर्षाला ४०० पौंड सुरू झाले. याउलट अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यात विधिमंडळ सदस्याला आजही वर्षाला १०० डॉलर मिळतात, एकोणिसाव्या शतकात ठरलेले. तिथे निवृत्त किंवा खाऊनपिऊन सुखी माणसंच जास्त निवडून येतात, यात नवल नाही.

आपल्याकडेही हा वाद जुनाच आहे. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचं काँग्रेस मंत्रिमंडळ आलं आणि कराचीच्या १९३१ च्या ठरावाप्रमाणे मंत्र्यांचा पगार ५०० रुपये ठेवण्याचं विधेयक विधानसभेत आलं. त्यागाचं वातावरण होतं. त्या वेळी विरोधी बाकांवरून डॉ. आंबेडकरांनी त्यावर टीका केली. पगार ठरवताना राहणीमान तर पाहाच, पण माणसाची योग्यता, लोकशाही आणि कारभाराची शुद्धता या कसोट्याही लावा, असा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. घरची श्रीमंती नसलेल्या लायक माणसाला पद घेता आलं पाहिजे आणि घेतल्यावर हात पसरायची वेळ येऊ नये. मला वाटतं या विषयावर मराठी मुलखात झालेला इतका मूलभूत विचार नंतर क्वचितच झाला.

तेव्हा पगार हवा आणि बरा हवा, इथपर्यंत माझी भूमिका स्पष्ट आहे. पण तो देण्याची पद्धत चुकली की काय होतं, याचं उत्तम उदाहरण आमच्या ब्रॅकनेलमध्येच घडलंय. जे २००९ नंतर इथे आलेत त्यांना कदाचित ठाऊक नसेल.

तेव्हा इथले खासदार होते अँड्र्यू मॅके. डेव्हिड कॅमेरन यांचे सल्लागार, जुने मुरलेले. पत्नी ज्युली कर्कब्राइड शेजारच्या नव्हे, पार ब्रॉम्सग्रोव्हच्या खासदार. लंडनबाहेरच्या खासदाराला दोन ठिकाणी राहावं लागतं, म्हणून 'दुसऱ्या घराचा' भत्ता मिळायचा. २००८-०९ मध्ये त्याची कमाल मर्यादा २४,००६ पौंड होती. मॅके यांनी लंडनचा फ्लॅट 'दुसरं घर' दाखवून भत्ता घेतला आणि बाईंनी मतदारसंघातलं घर 'दुसरं' दाखवून भत्ता घेतला. दोघांची मिळून घरं दोन आणि दोन्ही 'दुसरी'. मग पहिलं कुठंय? मे २००९ मध्ये 'डेली टेलिग्राफ'ने सगळ्यांचीच बिलं छापायला सुरुवात केली, तेव्हा हे बाहेर आलं. मॅके यांनी सल्लागारपद सोडलं. मग ब्रॅकनेलमध्ये मतदारांची सभा घेतली, तिथे लोकांनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पुढची निवडणूक लढवणार नसल्याचं जाहीर केलं. नंतरच्या लेखातपासणीत त्यांना सुमारे ३१ हजार पौंड परत करायला सांगण्यात आलं.

यातली खरी मेख पुढे आहे. मॅके यांचं म्हणणं असं होतं की संसदेच्या फीज ऑफिसनेच या व्यवस्थेला होकार दिला होता. आणि ते ऑफिस तसंच चालायचं. किरकोळ रकमेला पावती लागत नसे. जेवणाखाणाचे महिन्याला ४०० पौंडांपर्यंत विनापावती मिळत. टीव्ही, स्वयंपाकघर वगैरेचे दर ठरवायला जॉन लुईस दुकानाच्या किमतींची यादी आतल्या आत वापरली जाई. हे सगळं कुठून आलं? तर एकामागून एक सरकारांना खासदारांचा पगार उघडपणे वाढवायची भीती वाटत होती. मतदार काय म्हणतील! मग पगार दाबून ठेवायचा आणि भत्त्याचा नळ सैल सोडायचा, असा अलिखित समझोता झाला.

आपल्यातल्या आयटीवाल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. मूळ पगार छोटा आणि वर ऑनसाइट भत्ता, पर डीम, अमुक अलाउन्स हे कोष्टक आपल्याला पाठ आहे. जिथे कर लागत नाही आणि कुणी विचारत नाही, तिथे पैसा आपोआप वाहतो. पाण्याला उतार दाखवावा लागत नाही. भारतातही खासदाराचा पगार करपात्र, पण दैनिक भत्ता आणि मतदारसंघ भत्ता करमुक्त. मग वाढ कुठे मागितली जाणार, हे सांगायला अर्थतज्ज्ञ कशाला हवा?

म्हणून मी कुठल्याही देशाकडे पाहताना तीन प्रश्न विचारतो.

एक, पगार कोण ठरवतं? ब्रिटनने घोटाळ्यानंतर २००९ मध्ये कायदा करून इप्सा नावाची स्वतंत्र संस्था काढली आणि २०१० पासून खर्च तिच्याकडे, पाठोपाठ पगारही तिच्याकडे गेला. ही संस्था लोकांना खूश करायला बसलेली नाही. २०१५ मध्ये तिने पगार ६७,०६० वरून ७४,००० पौंड केला, तोही पंतप्रधानांसकट अनेकांचा विरोध असताना. आवडो न आवडो, ज्याचा पगार त्याच्याच हातात पेन नाही, हे महत्त्वाचं.

दोन, वाढ कधीपासून लागू होते? अमेरिकेच्या सत्ताविसाव्या घटनादुरुस्तीप्रमाणे काँग्रेसने केलेला पगारातला बदल मधे एक निवडणूक झाल्याशिवाय लागू होत नाही. ही दुरुस्ती मांडली गेली १७८९ मध्ये आणि मंजूर झाली १९९२ मध्ये. दोनशे वर्षं लागली, पण कल्पना किती साधी! वाढ करा, मग लोकांसमोर जा, निवडून आलात तर घ्या.

तीन, पावत्या कुणाला दिसतात? इप्साच्या संकेतस्थळावर आज कुठल्याही ब्रिटिश खासदाराचा रेल्वेचा खर्च, ऑफिसचं भाडं, सगळं बघता येतं. कर्मचाऱ्यांचा पगार संस्था परस्पर देते, तो खासदाराच्या खिशातून जात नाही. नव्याने नातेवाईक नेमायलाही २०१७ च्या निवडणुकीपासून बंदी आहे. त्यामुळे 'पगार अधिक भत्ते' अशी बेरीज करून ब्रिटिश खासदार लाखो पौंड कमावतो म्हणणं साफ चूक आहे.

आता हेच तीन प्रश्न २०१६ च्या महाराष्ट्राला विचारा. कोण ठरवतं? आमदारच, कारण राज्यघटनेच्या १९५ व्या कलमाने तो अधिकार विधिमंडळालाच दिलाय. कधी लागू? लगेच, त्याच सभागृहाला. चर्चा किती? पावसाळी अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी विधेयक आलं आणि चर्चेविना संमत झालं. एरवी एकमेकांचे माईक ओढणारे त्या दिवशी गुण्यागोविंदाने नांदले. पावत्या? मतदाराला घरबसल्या दिसतील अशा कुठेच नाहीत.

पेन्शनची गोष्ट तर अधिकच टोचते. त्याच दुरुस्तीने माजी आमदाराचं निवृत्तिवेतन ४० हजारांवरून ५० हजारांवर गेलं आणि पाच वर्षांपुढच्या प्रत्येक वर्षाला दोन हजार जादा. याच राज्यात नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्या शिक्षकाची जुनी पेन्शन बंद झाली होती. मार्च २०२३ मध्ये लाखो कर्मचारी त्यासाठी संपावर गेले, तेव्हा 'मग आमदारांना का?' हा प्रश्न चौकाचौकात विचारला गेला. त्याचं उत्तर कुणी दिलं नाही. इथे खासदाराला पेन्शन मिळते, पण पगाराच्या अकरा टक्क्यांच्या आसपास वर्गणी भरून. पंजाबने निदान २०२२ मध्ये 'एक आमदार, एक पेन्शन' असा कायदा करून दर टर्मची वेगळी पेन्शन थांबवली.

यावर कुणी म्हणेल, 'अहो, खरा पैसा पगारात थोडाच आहे? विधानसभेला ४० लाखांची खर्चमर्यादा, ती पाळतो कोण? तुम्ही कुठल्या भत्त्यांचं घेऊन बसलात!' मुद्दा रास्त आहे. पगाराची पद्धत सुधारली की भ्रष्टाचार संपेल असं मी म्हणत नाही. इथेही संपलेला नाही. पण आज प्रामाणिक राहू इच्छिणाऱ्या आमदाराची अवस्था पाहा. त्याच्या दारात लग्नाच्या आहेरापासून दवाखान्याच्या बिलापर्यंत मागणी येते आणि कार्यालयाचा खर्च नि घरखर्च एकाच खिशातून होतो. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले आणि एसटीने फिरले, म्हणून आपण त्यांना मानतो. पण गणपतराव अपवाद होते. व्यवस्था अपवादाच्या भरवशावर चालत नाही. साध्या माणसाला साधेपणाने नीट काम करता येईल अशी ती असली पाहिजे.

तेव्हा मागणी 'पगार कमी करा' अशी नकोच. खरं तर एक रोखठोक, पूर्ण करपात्र पगार द्या, हवा तर आजच्यापेक्षा जास्त द्या. कार्यालयाचा आणि कर्मचाऱ्यांचा खर्च वेगळा काढून थेट देणेकऱ्यांना द्या आणि पावत्या जाहीर करा. आकडा स्वतंत्र आयोगाने ठरवावा आणि वाढ पुढच्या विधानसभेपासून लागू व्हावी. कलम १९५ यात आड येत नाही, कारण तसा कायदाही विधिमंडळच करू शकतं. त्यासाठी लागते ती फक्त लोकलाज.

आणि हो, 'आपल्याला परदेशात बसून काय करायचंय' असं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. राष्ट्रकुलातले नागरिक म्हणून ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या भारतीयांना इथल्या संसदेसाठी मत देता येतं. नाव नोंदवलं नसेल तर नोंदवा. मग आपल्या खासदाराच्या नावाने इप्साची पानं उघडून बघा, दहा मिनिटांचं काम आहे. ती पाहिल्यावर गावाकडच्या आमदाराला एक पत्र लिहा आणि विचारा, 'साहेब, तुमची अशी पानं कुठे बघायला मिळतील?' उत्तर आलं तर जरूर कळवा. आलं नाही तर तेही कळवा.

चूक भूल द्यावी घ्यावी.

आपला,
ब्रॅकनेलकर