शुश्रूषा करणाऱ्याचा रक्तदाब

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची औषधे, पथ्य आणि कूस बदलण्याच्या वेळा घरातील एकाच व्यक्तीच्या ध्यानात असतात. बहुधा ती पत्नी, मुलगी वा सून असते. रात्री खोकला ऐकू आला की तीच उठते. तिचा रक्तदाब मात्र सहसा कोणी मोजत नाही.

संकटाची चाहूल लागताच मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनॅलिन व कॉर्टिसॉल स्रवतात. नाडी जलद होते, रक्तदाब आणि रक्तातील साखर वाढते. संकट टळले की शरीर पूर्ववत होते. दीर्घकाळच्या शुश्रूषेत ‘टळले’ असा क्षणच येत नाही. मग झोप तुटते, पित्त उसळते, मान आखडते, चिडचिड वाढते. मधुमेह असल्यास साखर आटोक्यात राहत नाही.

म्हणून आठवड्यातील निदान दोन रात्री घरातील दुसऱ्याने जागाव्यात. तिने महिन्यातून एकदा, पाच मिनिटे शांत बसून, रक्तदाब मोजावा. तो वारंवार १४०/९० वा अधिक आल्यास डॉक्टरांना दाखवावे. छातीतील दुखणे किंवा धाप ‘ताणामुळे असेल’ म्हणून अंगावर काढू नये.

आणि ज्येष्ठांनो, अंथरुणावरूनही “तू जेवलीस का?” एवढे आपण विचारू शकता. तेवढ्याने तिचा भार उतरणार नाही. पण तो कोणाच्या तरी लक्षात आहे, हे तिला कळेल.