लहानग्यांसाठी संगणकाचा पडदा

संगणक सुरू केल्यावर प्रथम जे दृश्य दिसते, त्याला 'डेस्कटॉप' म्हणजे मेजाचा पृष्ठभाग म्हणतात. हे नाव उगाच पडलेले नाही. १९८१ साली झेरॉक्स कंपनीने 'स्टार' हा संगणक बाजारात आणला, तेव्हा त्याच्या पडद्यावर कागद, फोल्डर, फायलींचे खण, टपालाच्या टोपल्या चित्ररूपाने मांडल्या होत्या. कचेरीतल्या माणसाला यंत्र परके वाटू नये, हा हेतू. तो सफलही झाला. परंतु आज त्याच मेजापाशी आपण पाच वर्षांच्या मुलाला बसवतो. त्याने ना कचेरी पाहिलेली, ना फाइल. ते गोंधळले, तर दोष त्याचा कसा?

बंगळूरुमधील कोरमंगला ही संगणक व्यवसायाने गजबजलेली वस्ती. 'फ्लिपकार्ट'चा आरंभ २००७ साली येथील एका सदनिकेतच झाला. नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबेही येथे राहतात. घरातला संगणक मात्र आईवडिलांच्या कामासाठी मांडलेला असतो. मूल घरी मराठी, रस्त्यावर कन्नड, शाळेत इंग्रजी ऐकते. पडद्यावर त्याला भेटते ती कचेरीची इंग्रजी.

त्याच २००७ साली रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैराट गावच्या शाळेत 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' प्रकल्पाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. त्यांतील 'शुगर' या प्रणालीने मेजाची कल्पनाच बाजूला सारली होती. पडद्याच्या मध्यभागी मुलाचे चिन्ह. भोवती लिहिणे, वाचणे, रंगविणे अशा क्रियापदांवरून नावे दिलेले उपक्रम. एकदाच कळ दाबली की उपक्रम उघडे, आणि केलेले काम आपोआप रोजनिशीत जमा होई. भारतात या प्रकल्पाचा फारसा विस्तार झाला नाही. तरीही मुलाला वस्तू नव्हे, कृती कळते, हा त्यामागील विचार मला अचूक वाटतो.

तो घरीही आचरता येतो. मुलासाठी संगणकावर स्वतंत्र खाते उघडावे. त्यात तीन-चारच चिन्हे ठेवावीत, तीही मोठी. त्यांची नावे बदलून 'रंगव', 'लिही', 'ऐक' अशी मराठी करावीत. दोनदा टिचकी मारण्याऐवजी एकदाच मारण्याची सोय करावी. दोन टिचक्यांच्या मध्ये इवल्या हातातला माऊस हलतो आणि चिन्ह भलतीकडेच ओढले जाते. वेळेचे बंधन अर्थातच हवे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी बसून पडदा पाहण्याची मर्यादा दिवसाला एक तास सांगितली आहे.

मात्र सोपे करणे म्हणजे कुलूप लावणे नव्हे. मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक कार्यक्रमांत भडक चित्रे आणि घंटानाद तेवढे असतात. आत काय चालते, याचा मागमूस नसतो. खैराटच्या लॅपटॉपवर एक कळ अशी होती, की ती दाबताच चालू उपक्रमामागील आज्ञावली पाहता यावी. फार थोडी मुले ती दाबतील, हे खरे. घरच्या खात्यातही मूल वाचू लागले की एक फोल्डर त्याच्या नावाने करून द्यावा, आपले चित्र त्यात त्यालाच ठेवू द्यावे, आणि ते हरवले तर शोधायलाही त्यालाच सांगावे.