घरगुती यंत्रविचार : आधीं निदान, मग चिकित्सा

आपल्या पुष्कळ कुटुंबांत पंधरा-वीस वर्षांची जुनी मोटारगाडी अद्याप निष्ठेनें सेवा करीत असते. वर्षाऋतूंत घाट चढतांना तिचा ब्लोअर, म्हणजे आंत हवा खेळविणारा पंखा, एकाएकी बंद पडला, तर तो केवळ उकाड्याचा प्रश्न राहत नाहीं. आंतील माणसांच्या श्वासाची वाफ पुढील कांचेवर सांठते आणि समोरचें वळण दिसेनासें होतें. अशा वेळीं खिडक्या थोड्या उघडाव्या आणि सुरक्षित जागा मिळतांच गाडी थांबवावी. परंतु घरीं परतल्यावर या दुखण्याचा विचार सुज्ञ गृहस्थानें लांबणीवर टाकूं नये.

पंखा फिरत नाहीं, सबब त्याची मोटर जळाली, हें अनुमान आपल्या न्यायशास्त्रास मान्य होणार नाहीं. पंखा न फिरणें हें एक कार्य. त्याचीं कारणें अनेक. कारण असतां कार्य होतें तो अन्वय, कारण नसतां कार्य होत नाहीं तो व्यतिरेक. या दोन कसोट्या लावल्यावांचून नव्या मोटरीवर द्रव्य खर्चूं नये.

प्रथम सर्व गती लावून पाहाव्या. हातानें गती बदलावयाच्या बहुतेक जुन्या गाड्यांत लहान गतींसाठीं विजेच्या मार्गांत रेझिस्टर घातलेला असतो. सर्वांत मोठ्या गतीस वीज त्याला टाळून जाते. तेव्हां पंखा केवळ मोठ्या गतीवरच चालत असेल, तर संशय रेझिस्टरवर घ्यावा. हा भाग पंख्याच्या वाऱ्यानेंच थंड राहतो. वाऱ्याच्या वाटेंत पाला अडकला कीं तो तापून जळतो. म्हणून नवा बसविण्यापूर्वीं पाला काढावा.

पंखा कोणत्याच गतीवर फिरत नसेल, तर फ्यूज पाहावा. तो जळाला असल्यास तितक्याच अँपिअरचा दुसरा घालावा. तोहि जळाला, तर कोठें तरी तारा एकमेकींस भिडल्या आहेत, किंवा मोटर अडकून अधिक वीज ओढीत आहे, असें समजावें. फ्यूजच्या जागीं जाड तार घालणें म्हणजे अग्नीस गाडींत बोलावणें होय.

फ्यूज शाबूत असल्यास किल्ली फिरवून पंखा मोठ्या गतीवर ठेवावा, आणि मोटरीचा प्लग काढून त्याच्या दोन टोकांमध्यें १२ व्होल्टचा लहान दिवा लावावा. दिवा पेटला नाहीं, तर दोष रिले, स्विच वा अर्थची तार यांपैकीं एखाद्यांत शोधावा. दिवा पेटला, तर संशय मोटरीकडे वळतो. मात्र प्लग वितळला वा गंजला असेल, तर त्यांतून दिव्यापुरती वीज जाते, मोटरीपुरती जात नाहीं. म्हणून मोटर बाहेर काढून, घट्ट धरून, फ्यूज असलेल्या तारेनें तिला बॅटरीची वीज सरळ द्यावी. ती जोमानें फिरली, तर निर्दोष ठरली. न फिरली, तर दोषी.

बंद मोटरीवर पेचकसाच्या मुठीनें हलकेच ठोकल्यावर ती क्षणभर फिरूं लागली, तर आंतील कार्बनचे ब्रश झिजले असावेत. अशी मोटर पुन्हा चालूं लागली तरी तिच्या भरंवशावर घाट चढूं नये.

कोणताहि भाग काढण्याआधीं बॅटरीची ऋण तार सोडावी. एअरबॅग असलेल्या गाडींत पिवळ्या वेष्टनाच्या तारांस हात लावूं नये. तें काम जाणत्या कारागिराचें.

हें सर्व स्वतः करणें न जमल्यासहि हानि नाहीं. निदान घरांतील मुलामुलींना जवळ बसवून पहिल्या दोन परीक्षा तरी कराव्या. मग कारागिराकडे जाऊन “मोटर बदला” असें न म्हणतां, “मोठ्या गतीवर चालतो, लहान गतीवर चालत नाहीं,” इतकेंच सांगावें. प्रामाणिक कारागिराचें काम त्यानें सोपें होतें, आणि दुसऱ्या प्रकारच्या कारागिरास आपण डोळे उघडे ठेवून आलों आहों, हें कळतें.